बर्फ सरल्यावर होडी उघडताना

रेवदंड्याचे काका पहिल्यांदा टोरोंटोला आले ते एप्रिलमध्ये. विमानतळावरून घरी जाताना मी मुद्दाम ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठाने गाडी घेतली. यॉट क्लबांच्या आवारात होड्या टेकूंवर ओळीने उभ्या होत्या, बहुतेकांवर पांढरं प्लॅस्टिक घट्ट ताणलेलं. काकांनी काच खाली केली आणि बघतच राहिले. "शाकारून ठेवल्यात म्हणजे," ते म्हणाले. "पण पाणी तर मोकळं दिसतंय रे. मग अजून उतरवल्या का नाहीत?"

हाच प्रश्न मला दर वसंतात कोणी ना कोणी विचारतं. बर्फ गेलं, ऊन पडलं, मग आवरण काढायचं आणि होडी पाण्यात सोडायची. मध्ये तीन-चार आठवडे लोक होडीच्या पोटाखाली काय करत बसलेले असतात? थोडक्यात उत्तर असं की जमिनीवरच्या सहा महिन्यांत होडीला धोका असतो तो आत अडकलेल्या पाण्याचा, आणि ती उतरली की त्या क्षणापासून बाहेरच्या पाण्याचा. आतल्या पाण्याने कुठे वाट करून ठेवली आहे, हे बाहेरच्या पाण्याला कळण्याआधी आपल्याला कळायला हवं. हे सगळं काम त्यासाठीच असतं.

१. गोठताना पाणी काय करतं

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसतं, पण तिथून खाली गेलं की फुगू लागतं आणि बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. एक लिटर पाण्याचा बर्फ म्हणजे जवळजवळ १ लिटर ९० मिलिलिटर. फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली विसरली की सकाळी काय दिसतं, ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

शिडाच्या होडीत अशा बाटल्या जागोजागी असतात. पिण्याच्या पाण्याचे पाइप, शौचालयाचा पंप, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा, सुकाणूचं पातं. म्हणून ऑक्टोबरमध्ये होडी बाहेर काढली की मालक सगळं पाणी काढून टाकतो आणि नळ्यांमध्ये गुलाबी रंगाचं प्रॉपिलीन ग्लायकोल फिरवतो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पूर्वापार वापरतात ते एथिलीन ग्लायकोल, आणि ते विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळीत त्याचा थेंबही जाता कामा नये.

एवढं करूनही कुठे तरी घोटभर पाणी राहतंच. ते एकदा गोठून थांबत नाही. दिवसा वितळतं, फटीत आणखी आत उतरतं, रात्री पुन्हा गोठून फट रुंद करतं. टोरोंटोच्या हिवाळ्यात हा खेळ कितीतरी वेळा होतो.

काकांना हे नवं होतं, पण होडीला ऋतू पाहून विश्रांती देणं नवं नव्हतं. कोकणात ती विश्रांती पावसाळ्यात असते. आमच्याकडे शत्रू बर्फ नाही, खवळलेला दर्या आहे. होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही पावसाळ्याआधी आरमार सुरक्षित बंदरात छावणीला नेण्याविषयी सूचना आहेत. पुढे लढाया करायच्या तर आधी जहाजं टिकली पाहिजेत, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना नीट ठाऊक होतं.

२. शिडी लावण्याआधी खाली वाका

आवरण काढायची घाई सगळ्यांनाच असते. पण पहिलं काम जमिनीवरचं आहे. होडीचा भार टेकूंवर नसतो. तो असतो कीलवर, म्हणजे होडीच्या पोटाखाली उतरलेल्या शिशाच्या किंवा बिडाच्या जड पात्यावर. कीलखाली लाकडी ठोकळे असतात, आणि दोन्ही बाजूंचे लोखंडी टेकू होडीला फक्त कलू देत नाहीत. भरलेलं पोतं उभं ठेवून दोन्ही बाजूंनी हात लावून उभं राहावं, तसं.

जमिनीतलं पाणीसुद्धा हिवाळ्यात गोठतं आणि जमीन वर उचलली जाते. मार्च-एप्रिलमध्ये ती पुन्हा खाली बसते, पण सगळीकडे सारखी नाही. एखादा टेकू सैल पडलेला असतो आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक टेकूला हात लावून पाहायचं, समोरासमोरच्या टेकूंना बांधलेली साखळी ताठ आहे का बघायचं, मगच शिडी लावायची. ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधू नये, हा इथला जुना नियम आहे. वाऱ्याने ताडपत्री फुगली की ती टेकूच ओढून काढते आणि तीन टनांची होडी शेजारच्या होडीवर जाते. होडी पाण्यात बुडण्याची भीती सगळ्यांना असते. ती जमिनीवर पडू शकते, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात.

३. आतला वास, आणि नारळ वाजवणारे काका

प्लॅस्टिकचं आवरण कापून काढलं की आतून पहिल्यांदा बाहेर येतो तो वास. कोरड्या होडीला बंद कपाटासारखा वास येतो. ओलसर, कुजकट वास आला तर कुठून तरी पाणी आलं आहे, आणि ते कुठून आलं हे शोधेपर्यंत दुसरं काही करू नये, असं माझं मत आहे.

फायबरग्लासच्या बऱ्याच होड्यांचा डेक सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबरचा पातळ थर, मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड. डेकवर बसवलेल्या प्रत्येक कडीच्या, प्रत्येक कप्पीच्या बोल्टसाठी त्या सँडविचला भोक पाडलेलं असतं. भोकाभोवतीचं सील सुकलं की पाणी थेंबाथेंबाने लाकडात शिरतं. बाहेरून डेक छान चकचकीत दिसतो आणि आतलं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं असतं.

ते ओळखण्याची रीत मी काकांना माझ्या होडीवर दाखवायला गेलो. छोट्या प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक करत पुढे जायचं: चांगल्या जागी खणखणीत आवाज, कुजलेल्या जागी बद्द. काकांनी हातोडी बाजूला ठेवली. गुडघे टेकून बसले आणि बोटाच्या पेराने नारळ वाजवावा तसा डेक वाजवत डोलकाठीच्या बुंध्यापासून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, सरकत गेले. नाळेजवळच्या एका कडीपाशी थांबले. "इथे बोलत नाही," म्हणाले. मी हातोडीने पाहिलं. वीतभर जागा खरोखरच बद्द होती. त्या वर्षी कडी काढून खालचं ओलं लाकूड कोरून काढावं लागलं आणि ती जागा इपॉक्सीने भरली. आणखी दोन हिवाळे गेले असते तर पूर्ण नाळ उघडावी लागली असती.

सुकाणूचंही असंच. त्याच्या आत बहुधा फोम असतो आणि खालच्या कडेला बोट लावल्यावर तपकिरी पाणी झिरपलं तर आतलं पोलाद गंजत आहे असं समजावं. कील जिथे होडीच्या पोटाला जोडलेली असते त्या सांध्याची पुढची कडही पाहायची. तिथली केसासारखी रेघ वरच्या रंगाची असू शकते, पण ती रुंद असेल किंवा तिच्यातून पाणी पाझरत असेल तर आतले कीलचे बोल्ट तपासल्याशिवाय होडी उतरवू नये.

४. होडीच्या तळाला भोकं का असतात?

काकांना सगळ्यात मोठं नवल वाटलं ते याचं. चांगल्या होडीच्या तळाला कोणी मुद्दाम भोकं पाडतं? पाडावी लागतात. इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी आत घ्यावं लागतं, बेसिनचं पाणी बाहेर सोडावं लागतं. अशा प्रत्येक भोकावर एक नळ असतो, त्याला सीकॉक म्हणतात. नळाला रबरी नळी, नळीवर पोलादी क्लिपा. नळ, नळी आणि क्लिप या तिन्हींपैकी एक गेलं की होडीला सरळ भोक पडलं.

किती पाणी येईल? गणित सोपं आहे. भोक पाण्याच्या पातळीखाली जितकं खोल, तितक्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जो वेग येतो, त्याच वेगाने पाणी आत घुसतं. समजा भोक ४५ सेंटिमीटर खाली आहे. वेग येतो सेकंदाला सुमारे ३ मीटर. भोकाचा व्यास ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. कडेला धार आकसते त्याची तूट वजा केली तरी सेकंदाला सुमारे २ लिटर पाणी आत येतं. दर सेकंदाला एक-एक लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या होडीत ओताव्यात, तसं. मिनिटाला १२० लिटर. तळातलं पाणी उपसणारा छोटा विजेचा पंप, ज्याच्या खोक्यावर तासाला १,९०० लिटर लिहिलेलं असतं, तो मिनिटाला फार तर ३२ लिटर काढणार. पंचवीस मिनिटांत सुमारे तीन टन पाणी आत, आणि माझ्या २७ फुटी होडीचं स्वतःचं वजनही साधारण तेवढंच आहे.

हे गणित एकदा कागदावर मांडलं की सीकॉकवर दुपार घालवायचा कंटाळा येत नाही. प्रत्येक नळ पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा. अडत असेल तर ताकद लावायची नाही, सोडवून ग्रीस लावायचं. नळी दाबून, वाकवून बघायची. कडक झाली असेल, चिरा दिसत असतील तर बदलायची. जिथे जागा असेल तिथे एकीऐवजी दोन क्लिपा. नळाच्या धातूवर नख ओढून रंग पाहायचा. साध्या पितळेतलं जस्त निघून गेलं की पितळ गुलाबीसर आणि ठिसूळ होतं. चांगलं कांसं तसं होत नाही. आणि प्रत्येक भोकाशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवायची. अंधारात, पाण्यात उभं राहून ती शोधायची वेळ येऊ नये.

एका वर्षी मी इंजिनाच्या पाण्याच्या गाळणीची काचेची वाटी नुसती वरवर पाहून सोडून देणार होतो. स्वच्छ दिसत होती. सहज खिडकीकडे उचलून धरली आणि उन्हात तिच्या बुडापासून वर गेलेली एक रेघ चमकली. ऑक्टोबरमध्ये मीच ती पूर्ण रिकामी केली नव्हती. तळाशी दोन बोटं पाणी राहिलं होतं. बोट फिरवल्यावर रेघ हाताला लागतही नव्हती. पण इंजिन सुरू झालं की सगळं पाणी त्याच वाटीतून जाणार होतं. तेव्हापासून प्रत्येक वाटी मी उजेडासमोर धरून पाहतो.

५. विरघळण्यासाठी लावलेला धातू

होडीच्या पंख्याच्या दांड्यावर अंड्याएवढा एक राखाडी गोळा असतो. लोक त्याला 'झिंक' म्हणतात. दर वर्षी तो झिजून अर्धा होतो आणि दर वर्षी नवा लावतात. ज्याला विरघळूनच जायचं आहे त्यावर खर्च कशासाठी?

दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात कमी तगडा धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. पंखा कांशाचा, दांडा पोलादाचा, म्हणजे बॅटरी तयारच. मग त्या दोघांहूनही सहज झिजणारा तिसरा धातू मध्ये आणून बसवायचा. तो झिजतो, ते दोघे वाचतात.

ही युक्ती सर हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांना तळाशी तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. खाऱ्या पाण्याने ते पत्रे झिजत आणि खर्च भयंकर होई. डेव्हीने १८२४ मध्ये दाखवून दिलं की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले तर तांबं झिजत नाही. शास्त्र अचूक होतं आणि पत्रे खरंच शाबूत राहिले. पण त्यांच्यावर शिंपले आणि शेवाळ माजलं, जहाजं जड झाली, आणि काही वर्षांतच नौदलाला ती योजना सोडून द्यावी लागली.

कारण पाहा. तांब्याच्या पत्र्यावर शिंपले बसत नव्हते ते तांबं हळूहळू विरघळत होतं म्हणून. विरघळणारं तांबंच त्यांना विष होतं. डेव्हीने तांबं वाचवलं आणि त्याबरोबर विषही थांबवलं. मला विज्ञानाच्या इतिहासातली ही गोष्ट फार आवडते. उत्तर बरोबर होतं, पण जहाजाला हवं होतं ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर.

आज पंख्याला आणि दांड्याला हाच उपाय निर्धोक चालतो. मात्र धातू पाण्याप्रमाणे निवडावा लागतो. समुद्रात जस्त. ऑन्टॅरिओसारख्या गोड्या पाण्यात वीज कष्टाने वाहते, जस्तावर थर जमून ते निकामी होतं, म्हणून इथे मॅग्नेशियम लावतात. तेच मॅग्नेशियम लावून कोणी समुद्रात गेला तर ते फारच लवकर संपतं. आणि गोळ्यावर चुकूनही रंग लावायचा नाही. रंगाखाली तो झिजूच शकत नाही आणि मग पंखा झिजतो.

६. तळाचा रंग

डेव्हीची गोष्ट कळली की हा रंग लगेच कळतो. त्यात तांब्याचं संयुग असतं आणि ते हळूहळू विरघळत राहावं, अशीच त्याची रचना असते. साबणाची वडी झिजते तसा हा रंग झिजतो आणि चिकटू पाहणाऱ्याला जागा सोडावी लागते. एके काळी ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग वापरत. ते इतकं जहाल होतं की फ्रान्सच्या आर्काशोंच्या खाडीतले शिंपले वेडेवाकडे वाढू लागले आणि फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. २००८ पासून ते जगभर बंद आहे. इथल्या सरोवरांत १९८८ मध्ये झेब्रा मसल नावाचे पट्टेदार शिंपले सापडले, तेव्हापासून गोड्या पाण्यातल्या होडीवाल्यांनाही या रंगाकडे नीट लक्ष द्यावं लागतं.

रंग किती लागेल? पाण्यालगतची लांबी ७ मीटर, रुंदी २.७ मीटर, खोली १.३ मीटर धरू. रुंदी आणि खोली मिळून ४. त्याला ७ ने गुणलं की २८. माझ्यासारख्या मध्यम बांध्याच्या होडीसाठी त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे २१ चौरस मीटर. लिटरला साधारण १० चौरस मीटर या हिशेबाने एका हाताला दोन लिटरच्या थोडं वर.

जुना रंग घासताना ओला पॉलिश पेपर वापरायचा आणि नाकातोंडावर चांगला मास्क लावायचा. ती धूळ शिंपल्यांसाठी जितकी वाईट, तितकीच आपल्या फुप्फुसांसाठी.

७. इंजिन आणि बॅटरी

इथे थोडक्यात आटोपता येतं. पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा पंख असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. हिवाळाभर एकाच जागी दबून त्याच्या पात्या वाकलेल्या राहतात, कुकरची जुनी रिंग राहते तशा. तो बदलावा. पाती तुटलेली असेल तर तुकडा शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नये. तो पुढे जाऊन थंड पाण्याची वाट अडवतो. तेल आणि डिझेलचा फिल्टर नवा. इंजिन पाण्यात सुरू केल्यावर सगळ्यात आधी एक्झॉस्टमधून पाणी बाहेर पडतंय का ते बघायचं. पडत नसेल तर लगेच बंद.

बॅटरी चार्ज असेल तर टोरोंटोच्या थंडीत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल मात्र पाण्यासारखं पातळ होतं आणि उणे दहाच्या आसपास गोठून डबा फुगवतं. फुगलेली बॅटरी चार्ज करून पाहू नये, काढून टाकावी.

८. डोलकाठी आणि नाणं

ज्यांची डोलकाठी हिवाळ्यात उतरवून आडवी ठेवलेली असते ते नशीबवान, कारण वरचं टोक त्यांना जमिनीवरच तपासता येतं. डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारा एकोणीस सुतांच्या पिळाच्या असतात. जुनी सुती चिंधी तारेवरून ओढत न्यायची. जिथे धागा अडकेल तिथे एक सूत तुटलेलं आहे, आणि एक जरी तुटलं असलं तरी ती तार बदलायची. तारा ताणणाऱ्या टर्नबकलमधल्या स्प्लिट पिना स्वस्त असतात. प्रत्येक वर्षी नव्या लावाव्यात.

डोलकाठी उभी करताना तिच्या बुंध्याखाली नाणं ठेवायची रीत आहे. लंडनमध्ये थेम्स नदीच्या गाळात १९६२ मध्ये सापडलेल्या रोमन जहाजातही डोलकाठीच्या खोबणीत सम्राट डोमिशियनचं नाणं होतं, आणि त्यावर सुकाणू धरलेली भाग्यदेवता होती. माझी डोलकाठी उभी करताना काकांनी खिशातून रुपया काढून दिला. तो अजून तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र नाण्यावर सोपवता येत नाही. उभी डोलकाठी घेऊन होडी हलवण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघाव्यात.

९. क्रेनचा दिवस

इथल्या बऱ्याच क्लबांत भाड्याने मोठी क्रेन आणतात आणि एकामागून एक होड्या उचलून पाण्यात ठेवतात. होडी पट्ट्यांमध्ये लटकली की टेकूंच्या गाद्यांखाली राहिलेल्या चौकोनांवर रंगाचा हात मारायला दोन-चार मिनिटं मिळतात. ब्रश ओला करून तयार उभं राहायचं.

मग होडी पाण्याला टेकते, पण पट्टे काढत नाहीत. आत उतरायचं आणि विजेरी घेऊन एक-एक सीकॉक बोटाने पुसायचा. ज्या सांध्यावर बोट ओलं होईल तिथे थांबायचं. सगळीकडे कोरडं असेल तरच वर येऊन क्रेनवाल्याला हात करायचा. लाकडी होडीची रीत वेगळी. तिच्या फळ्या हिवाळ्यात वाळून आकसलेल्या असतात, फटीतून पाणी येणारच, आणि फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत ती रात्रभरही पट्ट्यांत टांगून ठेवतात. हे काकांना सांगावं लागलं नाही.

कितीही ऊन असलं तरी लाइफ जॅकेट काढू नये. हवा वीस अंशांवर गेली तरी सरोवराचं पाणी तेव्हा चार-पाच अंशांवर असू शकतं, आणि तेवढ्या गार पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही.

होडी धक्क्याला बांधल्यावर मी तासाभराने पुन्हा आत जातो, रात्री झोपण्याआधी एकदा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे. त्या वर्षी पहाटे काका माझ्याआधी पोचले होते. फळी उचलून त्यांनी तळाला हात लावला होता आणि तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर नुसती धूळ होती.